केसरबाईंची तक्रार

बसा रे. लाईट काही इतक्यात येत नाही. जनरेटरचं डिझेल संपलंय आणि ते आणायला या अंधारात जाईल असा वीर मला इथं एकही दिसत नाही. मग ऐका. प्रितम, तो मोबाईल आधी पालथा ठेव.

मी बत्तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढलो. अलिबागपासून मुरुडपर्यंत, रात्री-अपरात्री. मला भूत कधी भेटलं नाही. गांधीलमाश्या भेटल्या, कुत्री भेटली, काशीदला खांबाला मिठी मारून झोपलेला एक दारुडा भेटला. म्हणून कोणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी उठून जातो. पण हे मला धम्मदीपनं सांगितलंय. तुमच्या आधी याच इंटरनेटच्या ऑफिसात होता तो, माझ्याच हाताखाली तयार झालेला. थापा मारणं त्याच्या रक्तात नव्हतं. साधी रजा मागतानाही खरं कारण सांगायचा, म्हणून त्याला ती कधी मिळायची नाही.

नारळी पौर्णिमा शनिवारी झाली होती. त्यानंतरचा बुधवार, तेरा ऑगस्ट. थळच्या कोळीवाड्यातून तक्रार होती, गेमला नेट लागत नाही. आपली दोन पोरं दिवसा जाऊन आली. स्पीड मोजला, ठणठणीत निघाला, आली परत. बाईंनी पुन्हा फोन केला आणि झाडलंच त्यांना. "बिगाड रातीचा सव्वाअकराला होतोय, नि तुमी दुपारी येऊन काय बगता?" धम्मदीपला ते पटलं. म्हणाला, मी रात्री जातो.

सव्वादहाला तो पोचला. त्याला वाटलं, एखादं कॉलेजचं कार्टं असणार. दार उघडलं केसरबाईंनी. पन्नाशीच्या, विधवा, घरात एकट्या. कॉम्प्युटर त्यांचा आणि गेमही त्याच खेळायच्या. हसू नकोस, भक्ती. त्यांचा एकुलता एक मुलगा, अल्पेश, आखातात एका बोटीवर कामाला होता. फोनवर मायलेक दोन मिनिटांत गप्प व्हायचे. जेवलास का, जेवलो, झालं. मग पोरानं सुट्टीत येऊन आईला हा खेळ शिकवला. एक बेट असतं, दोघांनी तिथं झोपडी बांधायची, होडी करायची, मासे धरायचे. बोटीवर नेट असायचं. रात्री त्याची पाळी संपली की दोघं तासभर त्या बेटावर एकत्र असायची. बाई जन्मभर मासळी विकत आलेल्या, आणि रात्री पुन्हा मासेच धरायच्या. पण मुलाबरोबर.

शनिवारपासून ते बंद पडलं होतं. अल्पेशचा फोन लागत नव्हता. पण भर समुद्रात तो चार-चार दिवस लागायचा नाही, त्याची बाईंना सवय होती. त्यांचा जीव टांगणीला लागला होता तो वेगळ्याच गोष्टीनं.

"तो रोज येतोय रं," त्या म्हणाल्या. "सव्वाअकराला त्याचं नाव दिसतं. पन आत येता येत न्हाय त्याला. चार राती झाल्या. माजा पोर दारात उभा हाय नि माज्यानं दार उगडत न्हाय."

धम्मदीपनं काम सुरू केलं. राऊटर बंद करून चालू केला. वायर बदलली. फायबरचा सिग्नल मोजला. गेम अद्ययावत केला, फायरवॉल काढून पाहिली, राऊटरमध्ये गेमसाठी वाट मोकळी करून दिली. सगळं करेपर्यंत अकरा वाजून गेले. बाई मागं स्टुलावर बसून होत्या. मध्ये एकदा चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

अकरा वाजून अठरा मिनिटांनी पडद्यावर अक्षरं आली. 'अल्पेश जोडला जात आहे.'

खाली ते गोल चाक फिरत राहिलं. मग, 'वेळ संपली. जोडणी तुटली.' पुन्हा, 'अल्पेश जोडला जात आहे.' पुन्हा तुटली. बारा वाजत आले तरी थांबतच नव्हतं.

धम्मदीपनं पाहिलं, बाईंच्या बाजूला काहीच बिघाड नव्हता. दोष पलीकडचा, बोटीवरचा. तो इथून कसा काढणार? आपण अशा वेळी काय करतो? तुमच्याकडून प्रॉब्लेम नाही म्हणतो आणि सुटतो. त्याला ते जमेना. बाई पडद्याला हात लावून उभ्या होत्या. आणि त्यानं घोडचूक केली.

"मावशी, बाहेरच्या पेटीत बघून येतो," असं म्हणून तो गाडीत जाऊन बसला. लॅपटॉप काढला, कानात हेडफोन घातले. बेट बाईंच्याच कॉम्प्युटरवर होतं आणि गाडीपर्यंत त्यांचं वायफाय येत होतं. त्याच वायफायवरून गेम सुरू केला, तर कोणतंही नाव टाकून आत शिरता येत होतं. त्यानं नाव टाकलं, अल्पेश.

लगेच जोडलं गेलं.

त्याला वाटलं, आज एक रात्र बाईंना झोप लागेल. उद्या-परवा खऱ्या पोराचा फोन येईलच. मला सांगताना तो दहा वेळा म्हणाला, काका, मी चांगल्यासाठी केलं हो. सवयीनं त्यानं आपल्या ऑफिसच्या ॲपवर 'काम झालं' हे बटणही दाबून टाकलं. बारा वाजून पाच मिनिटं.

कानात बाईंचा आवाज आला. "आलास? आलास रं बाला?"

तो बोलला नाही. बोलणार तरी काय? बाई म्हणाल्या, "आवाज न्हाय का तुजा? राहू दे. जेवलास?" त्यानं एक कळ दाबली, पडद्यावरच्या माणसानं उडी मारली. बाई खळखळून हसल्या. धम्मदीप म्हणतो, मला त्या क्षणी स्वतःची शरम वाटली. दहा मिनिटं तो त्यांच्याबरोबर किनाऱ्यानं चालला. मग त्यानं ठरवलं, बास, आता निघायचं.

बाईंनी विचारलं, "थंडी वाजते का रं तिकडं?"

पडद्यावरच्या माणसानं मान खाली घातली.

धम्मदीपचे हात मांडीवर होते.

त्यानं कळा दाबल्या. काही नाही. माणूस वळला. समुद्राकडं चालू लागला. पाणी गुडघ्याला आलं... कमरेला... गळ्याला. तिथं थांबला. बाईंकडं तोंड करून.

बाई अगदी हळू म्हणाल्या, "अल्प्या?"

धम्मदीपनं लॅपटॉप मिटला. वायफाय तोडलं. चार्जरची वायर उपटली. गाडीत अंधार. आता तो माणूस बेटावरून नाहीसा व्हायला हवा होता, बरोबर?

खिडकीत पडद्याचा निळा उजेड तसाच होता. आणि आता घरातून, भिंतीपलीकडून, बाईंचा आवाज येत होता. कोणाशी तरी बोलत होत्या. मध्येच थांबायच्या... ऐकायच्या... मग पुन्हा बोलायच्या.

"हां..."

"कवा?... शनवारी?"

"...कोन व्हतं बरोबर?"

"...मंग वरडला का न्हाईस रं..."



धम्मदीपला गाडी सुरू करायची होती. चावी हातातच राहिली.

निळा उजेड विझला. दाराची कडी वाजली. केसरबाई बाहेर आल्या. अंगणातून, सरळ गाडीकडं. तो गाडीत आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दिवा नव्हता, काही नव्हतं. काचेपाशी आल्या. त्यानं काच खाली केली. रडत नव्हत्या. चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

"लिवून घे," म्हणाल्या. "चार, शून्य, नऊ, एक."

"काय मावशी?"

"मला न्हाय म्हाईत. त्यानं सांगितलंय. म्हनाला, गाडीतल्या दादाला दे, त्याचं काम अडलं असंल." मग वळता वळता म्हणाल्या, "नि म्हनाला, माज्या नावानं आता बसू नको म्हनावं."

एवढं बोलून त्या आत गेल्या.

तुम्हाला सांगायला नको ते चार आकडे कसले. 'काम झालं' दाबलं की गिऱ्हाइकाच्या नंबरावर येतात, आणि ते घातल्याशिवाय तक्रार बंद होत नाही. त्यानं ते घातले. ॲपनं घेतले. एक वाजून दहा मिनिटं. मग गाडी अशी हाणली की चोंढीला येईपर्यंत मागं पाहिलं नाही.

सकाळी साडेसातला बोटीच्या कंपनीचा फोन आला, बाईंना एकदम धक्का नको म्हणून शेजाऱ्यांकडं. अल्पेश शनिवारी रात्री, आपल्या सव्वाअकराच्या सुमारास, बोटीच्या कठड्यावरून पडला. चार दिवस शोधला. मिळाला नाही. शेजारी हे सांगायला गेले तर केसरबाईंनी अंगण सारवून ठेवलं होतं आणि माणसं बसतील म्हणून सतरंजी घातली होती. त्यांनी कोणाला पुरतं सांगूही दिलं नाही. "म्हाईत हाय," एवढंच म्हणाल्या.

धम्मदीप त्याच आठवड्यात नोकरी सोडून गेला. आता पेणला एका दुकानात आहे. कॉम्प्युटरला हात लावत नाही.

काय म्हणतोस, प्रितम? ते आकडे बाईंच्याच मोबाईलवर आले असतील? मलाही तेच वाटलं. म्हणून मी इथं येऊन जुनी नोंद काढली. कनेक्शन अल्पेशनं घेतलं होतं, नंबर त्याचाच होता. दुसरा नंबर नाहीच. आणि बोटीवरच्यांनी सांगितलं, तो मोबाईल पडताना त्याच्या खिशात होता.

नोंदीत एक रकाना असतो, मेसेज पोचला की नाही. नंबर बंद असला तर तिथं 'पोचला नाही' असं येतं. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

पोचला होता. बारा वाजून पाच मिनिटांनी.