रॅमची दुसरी पट्टी

लाइट गेली नसती तर मोहिनी पगारेनं त्या दुकानात पाऊल टाकलं नसतं. ती आली होती शेजारी झेरॉक्स काढायला. मशीन मध्येच थांबलं, कागद अर्धा आत नि अर्धा बाहेर, आणि झेरॉक्सवाला हात झटकत म्हणाला, "आता बसा तासभर."

२००३ सालचा नोव्हेंबर संपत आला होता. सावलीत थंडी बोचत होती, म्हणून ती उन्हाच्या पट्ट्यात सरकली. तो पट्टा शेजारच्या कॉम्प्युटरच्या दुकानाच्या दारात पडला होता. तिथेच, उजेडासाठी, एक तरुण उघडा कॅबिनेट पुढ्यात घेऊन मांडी घालून बसला होता. दातांत टॉर्च धरलेला. तो काहीतरी बोलला, ते तिला कळलं नाही. मग त्यानं टॉर्च काढला.

"जरा धरता का? दोनच मिनिटं."

"कुठे?"

"इथं... अजून खाली... बस्स. हलू नका."

मोहिनी हलली नाही. तिला तसंच सांगितलेलं आवडायचं — नेमकं. त्याची बोटं तारांमधून हळू फिरत होती. प्रत्येक नवा भाग उचलण्याआधी तो दोन्ही तळवे कॅबिनेटच्या उघड्या पत्र्यावर टेकवायचा, क्षणभर थांबायचा, आणि मगच हात पुढे करायचा.

"हे काय? नमस्कार?"

"तसंच समजा. थंडीत अंगात करंट साठतो. तसाच हात लावला की नाजूक माल मरतो."

"स्थिर विद्युत," ती म्हणाली.

त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "फिजिक्स?"

"बीएस्सी. आता अंबडला एका टूलरूममध्ये साच्यांची ड्रॉइंग करते. थ्रीडी मॉडेल्स."

"मग तुम्हाला काय सांगायचं! आधी आपल्यातलं काय असेल ते सोडून द्यायचं, आणि मग हात लावायचा."

लाइट आली. झेरॉक्सचं मशीन घरघरलं. मोहिनीच्या हातातला टॉर्च मात्र बराच वेळ तसाच जळत राहिला.

त्याचं नाव धनराज देवरे. गाव देवळा. घरी कांदा, मोठा भाऊ शेती बघायचा. हा नाशकात राहून कॉम्प्युटर जुळवून विकायचा. आणि मोहिनीला कॉम्प्युटरच हवा होता. टूलरूममध्ये एकच धड मशीन, त्यावर मालकाचा पुतण्या बसायचा. तो उठला की हिचा नंबर. अशातच पुण्याच्या एका डिझाइन ऑफिसनं तिला चाचणी म्हणून एक काम दिलं होतं. मिक्सरच्या झाकणाचा साचा, सगळ्या भागांसकट, जोडलेला. वर्षअखेरीआधी सीडी पोचवायची. पसंत पडलं तर पुढची कामं घरी बसून, नाशकातच. नाही पडलं तर चाकणला मामानं नोकरी बघून ठेवली होती. आई-बाबांना सोडून तिथे जायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"स्वस्तात हवाय," तिनं आधीच सांगितलं. "पण मॉडेल फिरवताना अडखळायला नको."

"म्हणजे बैलगाडीच्या भावात जीप."

"दिसायला बैलगाडी चालेल."

तो हसला. मग दोघांनी मिळून काय काय गाळायचं ते ठरवलं. कॅबिनेट साधाच. मॉनिटर जुना, पण मोठा. ग्राफिक्स कार्डावरून वाद झाला. ती गेम खेळणाऱ्यांचं नवं कार्ड घ्यायला निघाली होती. कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेलं, ड्रॉइंगसाठीच बनवलेलं कार्ड त्यानं पुढे केलं. तिनं तिथेच आपलं मॉडेल त्यावर फिरवून पाहिलं, रेषा कुठे तुटत नाहीत याची खात्री केली आणि मान डोलावली. रॅमच्या बाबतीत मात्र तिनं ऐकलं नाही.

"एक पट्टी पुरेल, मॅडम."

"सुट्या भागांना पुरेल. सगळा साचा एकत्र उघडला की गुदमरेल. दोन हव्यात."

"बरं, दोन. स्पीकर?"

"नकोत."

"गाणी ऐकत नाही?"

"काम करताना मीच गुणगुणते."

"मग ते ऐकायला कुठे यायचं?"

मोहिनी घाईनं उठली. पण सिटी बसच्या खिडकीत बसल्यावर ती गुणगुणत होती, आणि शेजारची बाई तिच्याकडे बघत होती.

रविवारी धनराज रिक्षातून मशीन घेऊन तिच्या घरी आला. आईनं पोहे केले. बाबांनी पडद्यावरचं झाकण फिरताना पाहिलं आणि म्हणाले, "हे आतूनपण दिसतं?" मोहिनीनं ते कापून आतून दाखवलं. धनराज दारात उभा राहून झाकणाकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

"दुसरी पट्टी मुंबईहून यायचीय," निघताना तो म्हणाला. "दोन दिवसांनी दुकानात चक्कर मारा."

तिनं मारली.

"आली?"

"उद्या. चहा घेणार?"

पुन्हा गेली. चहाबरोबर पाववडा आला. "आली?" "उद्या, नक्की." हळूहळू अंबडहून येणारी बस तिला दोन थांबे आधीच सोडायला लागली. दुकानात एक स्टूल तिचं झालं. तो तिला अहिराणी शिकवायचा. "कशी शे?" म्हणून विचारायचा, आणि ती "बरी शे" म्हणाली की खूश व्हायचा, जणू काही त्यानं जुळवलेलं मशीन पहिल्याच फटक्यात सुरू झालं.

एकदा बोलता बोलता त्यानं स्क्रूड्रायव्हरसाठी ड्रॉवर ओढला. मागे कुणी गिऱ्हाईक आलं म्हणून वळला. ड्रॉवर उघडाच राहिला.

आत रॅमची पट्टी होती. नवी, पुडक्यातली. तिच्या पट्टीची जुळी बहीणच. पुडक्यावर चिकटपट्टी लावून धनराजनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं — मोहिनी.

मॅडम नाही. मोहिनी.

तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. धनराज परतला तेव्हा ती रस्त्याकडे बघत होती.

"मग? कधी यायची पट्टी?" तिनं विचारलं.

"उद्या," तो म्हणाला.

"बरं. उद्या येते."

चालता चालता तिनं हिशेब केला. हिशेबाशिवाय ती काहीच करत नसे. सुटे भाग अजून व्हायचे होते. तोवर दुसरी पट्टी लागणार नव्हती. साचा जोडायला घेतला की सरळ हात पुढे करून म्हणायचं, 'द्या ती ड्रॉवरमधली.' त्याचा चेहरा कसा होईल, हेसुद्धा तिनं मनात बघून ठेवलं. तोवर आणखी काही 'उद्या' मिळत होते... ते कुणाचं काय बिघडवत होते?

हिशेब बरोबर होता. फक्त त्यात कांद्याची लागवड धरलेली नव्हती.

सीडी कुरियरला द्यायच्या आदल्या दिवशी ती गेली, तर शटर खाली. झेरॉक्सवाला म्हणाला, "भावाचा फोन आला सकाळी. मजूर मिळालेत, रोपं उपटून ठेवलीत. 'हा भाऊ, येस मी', येतोच म्हणत पळाला गडी. सोमवारी येईल."

"किल्ली?"

"खिशात त्याच्या."

मोहिनी शटरसमोर उभी राहिली. आतल्या ड्रॉवरपर्यंतचं अंतर तिला हातानं मोजता आलं असतं.

दुसऱ्या कुणाकडून पट्टी आणावी, तर त्या जातीची जुळेल अशी जवळच्या दुकानात नव्हती. घरी येऊन तिनं साचा जोडायला घेतला. खालचा अर्धा बसला. वरचा बसताना हार्ड डिस्क करकरायला लागली. बाबांनी न सांगता टेबलफॅन आणून कॅबिनेटसमोर ठेवला. पडदा गोठला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा गोठला. शेवटी कुरियरच्या वेळेला तिनं सुटे भागच पाठवले, एकेक, देखणे, न जोडलेले.

पुण्याहून फोन आला. बाई चांगल्या होत्या. "काम स्वच्छ आहे हो तुमचं. पण आम्हाला जोडलेला साचा हवा होता. दुसऱ्या एकांनी दिला, त्यांना घेतलं."

सोमवारी संध्याकाळी धनराज दारात उभा राहिला. नखांत अजून शेताची माती. हातात ते पुडकं. चिकटपट्टी काढून टाकलेली.

"झेरॉक्सवाल्यानं सांगितलं, तुम्ही आला होता. काम...?"

"गेलं," बाबा म्हणाले.

त्यानं पुडकं पुढे केलं. मग म्हणाला, "पट्टी माझ्याकडंच होती. पहिल्या दिवसापासून. मी... ह्यांनी दुकानात येत राहावं म्हणून..."

आई स्वयंपाकघराच्या दारात थबकली. बाबांनी चष्मा काढला. "पोरीचं नशीब ड्रॉवरमध्ये ठेवलंत तुम्ही."

धनराजनं मोहिनीकडे पाहिलं. आत्ता. आत्ताच म्हणायचं होतं की मला माहीत होतं, मी पाहिली होती, मीच मागितली नाही. शब्द ओठांपर्यंत आले. पण बाबा समोर होते. एका मुलाच्या चहासाठी आपण आपलं काम पणाला लावलं, हे बाबांच्या डोळ्यांत बघायची तिची तयारी नव्हती.

"तुमची गंमत झाली," ती म्हणाली, "आणि माझं सगळं गेलं."

त्यानं मान हलवली, जणू हेच ऐकायला आला होता. मग खाली बसून कॅबिनेट उघडला. दोन्ही तळवे पत्र्यावर टेकवले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. पट्टी खाचेत बसवली, दोन्ही टोकांना टक्‌ आवाज झाला. मशीन सुरू केलं आणि बाजूला झाला.

मोहिनीनं साचा उघडला. सगळा उघडला. दोन्ही अर्धे, खुंट्या, स्प्रिंगा, साचा गार ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटा... आणि पडद्यावर फिरू लागला, पाण्यावर भोवरा फिरावा तसा, जराही न अडखळता. तिला वळून पाहायचं होतं. वळली तेव्हा दारात फक्त चपला काढलेल्या जागी थोडी माती होती.

जानेवारीत ती चाकणला गेली. कॉम्प्युटर सोबत नेला. तो कधी अडला नाही, ह्याचाच तिला त्रास व्हायचा. दुरुस्तीला नेण्यासारखं त्यात काहीच बिघडत नव्हतं.

१४ एप्रिलच्या जयंतीला ती घरी आली. परत निघायच्या सकाळी, बॅग दारात ठेवून, 'आलेच' म्हणून बाहेर पडली.

दुकान तेच होतं. स्टूलवर कुणाचे तरी स्पीकर ठेवले होते. धनराजनं ते घाईघाईनं उचलले.

"कशी शे?" त्यानं विचारलं.

"बरी शे."

ती बसली नाही. समोर एक उघडा कॅबिनेट होता. तिनं त्याच्या पत्र्यावर हात टेकवला. थंड होता.

"मी ती पट्टी पाहिली होती," ती म्हणाली. "ड्रॉवरमध्ये. तुम्ही गिऱ्हाइकाकडे वळला होतात तेव्हा. नावासकट."

त्याच्या हातातले स्पीकर हातातच राहिले.

"मग मागितली का नाही?"

"मागितली असती तर उद्या कशासाठी आले असते?"

रस्त्यावरून हॉर्न देत एक टेम्पो गेला. धनराज काउंटरकडे बघत होता. तो हसतोय की काय, असं तिला क्षणभर वाटलं.

"त्या दिवशी एवढं म्हणाली असतीस ना, मोहिनी..." त्यानं वाक्य सोडून दिलं. मग फार हळू म्हणाला, "पुढच्या आठवड्यात, आखाजीला लगीन शे माझं. मुलगी सटाण्याची. भावानं जमवलं. मी... नाही म्हणायला काही कारण नव्हतं."

शेजारी झेरॉक्सचं मशीन चालू होतं, एकामागून एक कागद बाहेर टाकत. आज लाइट जाणार नव्हती.

"मशीन नीट चालतं ना?" त्यानं विचारलं.

"चालतं."

"काही अडलं तर... या."

मोहिनीनं पत्र्यावरचा हात काढला. तिची पुण्याची बस आज दुपारचीच होती.

"उद्या येते," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. "चहा सांगून ठेवतो."