टक्कल, हेअरस्प्रे आणि दीड मूठ

अमेरिकेच्या गारठलेल्या उत्तरेतल्या डुलुथ गावात एप्रिलचा पहिला उबदार शनिवार उजाडला, की गावातल्या यच्चयावत मोटरसायकली गॅरेजमधून बाहेर पडतात. आणि नेमक्या त्याच सकाळी ब्रिटाच्या हेअरस्प्रेने ‘फुस्स’ करून मान टाकली!

तिच्या मोटरसायकलच्या हँडलची उजवी नवी ग्रिप, म्हणजे रबरी मूठ, झकास बसली होती. डावी मात्र अर्ध्यात अडून बसली, ना पुढे ना मागे. हेअरस्प्रे ओला आहे तोवर रबर सरसर सरकतं, वाळला की घट्ट धरून ठेवतो. दुपारी सगळे मोटरसायकलवाले तळ्याकाठून फेरीला निघणार, आणि हिच्या गाडीला दीड मूठ!

शेजारचं दार एल्डनचं; थंडी सुरू झाल्यावरच तो इथे राहायला आला होता. हिवाळाभर तो न सांगता तिच्या दारातला बर्फ उपसायचा, आणि ती पडद्याआडून बघायची. आज या निमित्ताने त्याला फेरीला आपल्या मागे बसायला विचारायचंच, असं ठरवून तिने दार वाजवलं. त्याने उघडलं... आणि आज डोक्यावर लोकरीची टोपी नव्हती. केसही नव्हते.

“हेअरस्प्रे... आहे?”

“हे डोकं बघून विचारतेयस?”

“मला काय माहीत! हिवाळाभर टोपीच तर दिसली.”

“म्हणजे बघत होतीस!”

ब्रिटाचे कान तापले. तो हसत आत गेला आणि चक्क नवाकोरा, सीलबंद डबा घेऊन आला.

ब्रिटाने डबा उलटसुलट करून पाहिला. टकल्याच्या घरात हेअरस्प्रे? म्हणजे केसवाली कुणीतरी आहे तर! संपलं सगळं.

“उघडला तर तिला चालेल ना?”

“कुणाला?”

“जिचा आहे तिला!”

एल्डन काहीतरी पुटपुटला आणि गाडी धरायला मागोमाग आला. ब्रिटाने फवारा मारला, दात-ओठ खात ग्रिप पिळायला लागली.

“अगं हळू! कुणाची मान आहे का ती?”

“असती तर बरं झालं असतं.”

सर्रकन ग्रिप आत गेली आणि ब्रिटा त्याच्या खांद्यावर आदळली. दोघंही बाजूला व्हायचं विसरली.

“माझाच आहे तो डबा,” तो हळूच म्हणाला. “जानेवारीत कुंपणापाशी तूच म्हणालीस — ऊन पडलं की ग्रिप बदलणार, हेअरस्प्रे लावून. त्याच संध्याकाळी आणला. दुकानातली बाई माझ्या डोक्याकडे बघून अशी हसली म्हणून सांगू... म्हटलं, हसू दे. कधीतरी तुझा संपेल, कधीतरी दार वाजेल.”

“आणि नसतं वाजलं तर?”

“तर पुढच्या एप्रिलपर्यंत थांबलो असतो. आवडतेस तू मला, ब्रिटा.”

“मेल्या, आधी नाही का बोलायचं? मी इथे त्या बयेचा गळा आवळायला निघाले होते!”

डोळे पुसत ती गॅरेजमध्ये पळाली आणि एक हेल्मेट घेऊन आली. मोठ्या मापाचं, लेबलसुद्धा न काढलेलं. एल्डनचा चेहरा खर्रकन उतरला.

“हे... कुणाचं?”

“तुझंच, वेड्या. फेब्रुवारीत आणलंय. माप मात्र टोपीवरून घेतलं.”

त्याने ते घातलं. गदगदा हललं.

“टोपी घालून ये,” ती हसता हसता म्हणाली. “तोवर ग्रिपही वाळतील.”

तो टोपी घालून धावतच आला आणि मागे बसला.

“मागच्याला धरायला मूठ नसते का गं?”

“नसते,” ब्रिटा म्हणाली. “मला धर.”