मोरपंखी मगरीचं पोट

"मगरीचं पोट गेलं!" भोपू एवढ्यानं ओरडला की स्टुडिओतले सगळे दचकले. त्याला भोपू म्हणतात ते काही उगीच नाही!

त्याच्या बहिणीनं, म्हणजे शंकाबाईनं, टीव्हीकडे पाहिलं. टेबलापाशी आत्याच्या हातातली कापडी मगर धडधाकट होती. पण टीव्हीवर तिच्या पोटातून चक्क नदी वाहत होती. सुट्टीला आत्याकडे आलेल्या या दोघांना ही गंमत कालच कळली होती. मागे एकरंगी पडदा लावायचा. संगणक तेवढाच रंग पुसतो आणि तिथे हवं ते चित्र बसवतो.

"हिरवा काढा, निळा पडदा लावा," एडिटरदादा म्हणाला. लावला. हात लपवायला आत्यानंही निळी बाही चढवली. पोट परत आलं आणि पाठ गायब!

"शिलाईतच खोट आहे," दिग्दर्शककाका वैतागले. "जेवून येतो आणि दुसरी बाहुली मागवतो. ही मगर रद्द!"

आत्याचा चेहरा उतरला. दीड महिना डोळे ताणून तिनं एकेक खवला शिवला होता. शंकाबाईला फार वाईट वाटलं, आणि रागही आला.

"मी फोनवर मोरपंखी म्हणून सांगितलं होतं," आत्या म्हणाली.

"मोरपंखी म्हणजे निळा! म्हणून तर हिरवा पडदा लावला," काका म्हणाले.

"छे! मोरपंखी म्हणजे हिरवाच," एडिटरदादा म्हणाला. झालं, दोघांची जुंपली. भांडतच ते जेवायला गेले.

शंकाबाईनं मगर खिडकीत नेली. "भोपू, बघ. पोट हिरव्याकडे झुकतंय, पाठ निळ्याकडे. दोघांचंही अर्धंच बरोबर!"

"मग पिवळा पडदा लावू या."

"डोळे पिवळे आहेत, शहाण्या! मगरीत नावालाही नसलेला रंग हवा."

भोपूनं डोकं खाजवलं. "राणी कलर! आत्याच्या पलंगावरची चादर!"

घर मागच्याच गल्लीत होतं. भोपूनं घाईघाईत चादरीबरोबर त्याच रंगाचा उशीचा अभ्राही ओढून आणला. आत्यानं चादरीला कडक इस्त्री केली, कारण सुरकुतीची सावली पडली की रंग बदलतो. मग ती निळ्या पडद्याच्या जागी टांगली.

काका एडिटरदादाबरोबर परतले आणि किंचाळलेच. "गुलाबी? अरे, त्यानं माणसाचे गाल पुसले जातात!"

"पण काका, इथे माणूस आहेच कुठे?" शंकाबाई म्हणाली. "नुसती मगर तर आहे."

काकांनी एडिटरदादाला खूण केली. त्यानं बटण दाबलं. मगर अख्खी! पण तिच्या खाली आत्याचा निळ्या बाहीतला हात लोंबत होता.

"पडदा बदलला, बाही राहिली!" भोपू ओरडला आणि त्यानं अभ्रा पुढे केला. आत्यानं त्यात कोपरापर्यंत हात घातला. हात गायब! मगर नदीत ऐटीत पोहू लागली.

काका आत्याकडे वळले. "चूक माझी. रंग न बघताच तुमच्या शिलाईला नावं ठेवली. यापुढे फोनवर रंग ठरवायचा नाही, कापडाचा तुकडा समोर ठेवायचा." मग मुलांना म्हणाले, "शाबास रे पोरांनो! वीस वर्षं हेच काम करतोय, पण मला नाही सुचलं."

आत्यानं मगरीचा जबडा उघडला आणि जाड्या आवाजात म्हणाली, "माझं पोटही वाचवलंत आणि पाठही! या बाळांनो, एक पापी द्या!"