चित्राखालची ओळ

कर्र...

एवढाच आवाज झाला. खुर्चीवर कुणी टेकावं, तसा. सारं घर गप्प होतं. नेवा पलीकडच्या खोलीत झोपली होती, आणि आवाज माझ्या लॅपटॉपमधून आला होता.

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्याच घरात घडलंय. प्लोवदिव शहर, त्राकिया वस्ती, पाचवा मजला, गेल्या नोव्हेंबरातली दुपार. रात्र असती तर घाबरले असते. दुपार होती, म्हणून दुर्लक्ष केलं.

नेवा माझी लेक, चार वर्षांची. ती झोपते तेवढाच वेळ माझा. हे लिहितानाही ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आहे, आणि मी एका हाताने टाइप करतेय.

माझं काम तसं कंटाळवाणं. एक साधन आहे. एआय एजंट, म्हणजे आपणहून काम करणारा प्रोग्राम, त्यातून ब्राउझरमध्ये वेबपानं उघडतो आणि पानात काही बदललं की स्क्रीनशॉट काढतो. ते कसं वापरायचं, याची माहितीपुस्तिका मी लिहीत होते. आमचा नियम असा की प्रत्येक चित्राखाली एक ओळ हवीच. ज्यांना दिसत नाही, त्यांनाही चित्रात काय आहे ते कळावं म्हणून. ती ओळही एजंटच लिहायचा.

उदाहरणासाठी आपोआप बदलणारं पान हवं होतं. नेवाच्या खोलीतल्या कॅमेऱ्याचं पान समोर उघडंच होतं. म्हटलं, सध्या हेच लावू, नंतर बदलू.

पहिलं चित्र आलं. नेवा कुशीवर, तोंड उघडं, पांघरूण लाथेने उडवलेलं. शेजारी रिकामी खुर्ची.

आणि खाली ओळ...

"मूल झोपलं आहे. शेजारी खुर्चीवर एक वृद्ध स्त्री बसली आहे."

मी चित्र मोठं करून पाहिलं. खुर्ची रिकामीच होती.

साधन बनवणाऱ्या ल्युबेनला फोन केला.

"अगं, थापा मारतं ते," तो हसला. "माझ्या मांजराला पाव म्हणालं होतं."

"पण म्हातारीच का?"

"तुझी सासू असेल. सून काम करते की नाही, बघायला आली असेल."

"सासूबाई तिकडे दूर वार्नाला आहेत, ल्युबेन. चांगल्या धडधाकट."

"मग दुसऱ्या पानांवर चालवून बघ. आणि शुक्रवारी पुस्तिका दे बाई, सगळे माझ्या डोक्यावर बसलेत."

चालवलं. बेकरीचं पान, बसच्या वेळांचं, हवामानाचं. प्रत्येक ओळ अचूक.

पुन्हा खोलीचं पान लावलं.

"वृद्ध स्त्रीने पांघरूण मुलाच्या खांद्यापर्यंत ओढलं आहे. तिची वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली आहे."

चित्रात खुर्ची रिकामी होती...

पांघरूण मात्र नेवाच्या खांद्यापर्यंत आलं होतं.

धावत गेले. नेवा गाढ झोपेत. पांघरूण दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचलेलं. घट्ट.

मी कधीच असं खोचत नाही.

त्या रात्री तिला कुशीत घेऊन बसून राहिले. नवरा, स्वेतलिन, ट्रक घेऊन जर्मनीला गेलेला. फोनवर म्हणाला, "तूही झोप काढत जा जरा."

सकाळी नेवाला कडेवर घेऊन खाली उतरले. आमच्याकडे वारलेल्या माणसांचे फोटो छापलेले कागद इमारतीच्या दारावर चिकटवतात. पावसाने गळून पडेपर्यंत तिथेच. रोज त्यांच्या समोरून जाते, कधी थांबले नव्हते. त्या दिवशी एकेक चेहरा निरखला.

"कोणाला शोधतेस गं पोरी?" शेजारच्या पेन्कामावशी पिशवी घेऊन येत होत्या. "तुझा नंबर लागायला अवकाश आहे अजून."

"मावशी, आमच्या घरात आधी कुणी म्हातारी राहायची का? वेणी डोक्याभोवती बांधणारी?"

"तुमच्या घरात? कारखान्यातला तो एकटा बाप्या राहायचा. बाईमाणसाने कधी उंबरा ओलांडला नाही त्याचा. मी समोरच राहते, मला कळलं नसतं होय?" मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "का गं?"

"सहजच."

दुपारी ती खुर्ची खोलीतून काढली. स्वयंपाकघरात आणून तिच्यावर मीच बसले. नेवाला माझ्याजवळ सोफ्यावर झोपवायला बघितलं, तर "माझा पलंग, माझा पलंग" म्हणून रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी तिच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवलं. वाटलं, एकदा ओळ नीट येऊ दे. मग मनातलं जाईल.

चित्र आलं. नेवा उताणी. खोलीत दुसरं काही नाही.

ओळ यायला वेळ लागला...

"मूल पलंगावर आहे. वृद्ध स्त्री त्याच्या उशाशी बसली आहे."

मी उठेपर्यंत दुसरी आली.

"तिने हात मुलाच्या चेहऱ्यावर ठेवला आहे."

कशी पोहोचले, आठवत नाही. नेवा डोळे मिटून पडली होती. उचलून छातीशी धरलं. ऊब होती. श्वास होता.

पुस्तिका मी पुरी केली नाही. कॅमेरा काढून टाकला. आम्ही ते घरही सोडलं. तरी रोज दुपारी नेवाचा डोळा लागला की मी तिच्या नाकाशी बोट धरते.

कारण त्या दिवशी, माझ्या खांद्यावर मान टाकून, तिने हळूच विचारलं होतं...

"आई, मी तर जागीच होते. मग तिने माझे डोळे का मिटवले?"