हॉलच्या बोर्डावरचं बटन

मधुकररावांनी देवघरामागच्या खिळ्यावरची किल्ली काढली आणि सगळ्यांच्या देखत ती नातीच्या हातात ठेवली, तेव्हा स्वयंपाकघरात पोळी लाटणारा उन्नतीचा हात जागच्या जागी थांबला. रजतची खोली… तिचा नवरा गेला त्या दिवसापासून कुलूप लागलेली ती खोली आज उघडणार होती.

"घे," मधुकरराव म्हणाले. "तुह्या बापाचं आहे सारं. तुले गिटार वाजवता येते आता, तर बंद ठेवून मी तरी काय करू?" मग स्वयंपाकघराकडे न पाहताच त्यांनी आवाज चढवला. "बाकी कोणी पाय ठेवायचा नाही तिथं."

बाकी कोणी म्हणजे कोण, हे नागपुरातल्या हुडकेश्वरच्या त्या छोट्याशा घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. मधुकरराव सुनेशी थेट बोलत नसत. पाणी हवं असलं तरी बायकोला, शोभाताईंना सांगत, "तिले म्हण, पाणी दे." आणि शोभाताई खाली मान घालून तो निरोप पोचवत… त्यांनीही गेल्या कित्येक वर्षांत सुनेच्या डोळ्यांत सरळ पाहिलं नव्हतं.

रितिका आता दहावीत होती. मैत्रिणीच्या घरी तिच्या भावाच्या गिटारवर ती बोटं बसवायला शिकली होती आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये वाजवायचं तिने ठरवलं होतं. कुलूप उघडताच आतून धूळ, जुनं लाकूड आणि तापलेल्या पत्र्याचा एक ओळखीचा वास हॉलमध्ये आला आणि हातातलं लाटणं तसंच धरून उन्नती तो आत ओढत राहिली.

रजतला जुन्या इलेक्ट्रिक गिटारींचं वेड होतं. हिंगण्याच्या एका कारखान्यात तो शिफ्टमध्ये काम करायचा, आणि सुट्टीचा दिवस आला की मोटरसायकल घेऊन कुठे कामठीला, कुठे अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये जुनी ऑर्केस्ट्रावाली माणसं शोधत फिरायचा. कुणाच्या पलंगाखाली, कुणाच्या माळ्यावर गिटार निघायची… तारा गंजलेल्या, रंग उडालेला. ती घरी आणून तो लहान मुलाला न्हाऊ घालावं तशी पुसायचा. सोबत त्या काळचे वाल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर असत, गिटारचा आवाज मोठा करणारे, कापड मढवलेले जड खोके. सीताबर्डीतल्या जुन्या रेडिओ मेकॅनिककडून तो काचेचे वाल्व्ह मिळवायचा. अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला की ते वाल्व्ह हळूहळू नारंगी होत आणि मग जो आवाज यायचा त्याबद्दल रजत म्हणायचा, "पाह्य उन्नती, हे नुसतं वाजत नाही. हे तापल्यावर बोलते." तो आतल्या वायरी जोडायला बसला की टॉर्च धरायला उन्नतीच असायची. मे महिन्यात नागपूरच्या कोरड्या उन्हानं लाकूड तडकू नये म्हणून कपाटात पाण्याचं भांडं ठेवायचं, हेही त्यानेच तिला शिकवलं होतं. तो गेल्यावरही दर उन्हाळ्यात, घरात कुणी नसताना, ती खिळ्यावरची किल्ली काढून ते भांडं ठेवून येई. हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

रजत गेला तो दिवस रविवारचा होता. मधुकरराव भाजी आणायला गेले होते. खोलीतला प्लग ढिला होता म्हणून रजतने हॉलच्या बोर्डावरून एक लांब वायर आत नेली होती. बोर्डावर तिचं बटन आणि टीव्हीचं बटन शेजारी शेजारी. आपलं बटन बंद करून रजतने एका अ‍ॅम्प्लिफायरची मागची फळी काढली आणि तो कामाला बसला. शोभाताई टीव्ही लावायला आल्या. एक बटन दाबलं, टीव्ही लागला नाही. त्यांनी शेजारचं दाबलं. टीव्ही लागला… आणि आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

उन्नती धावत आली तेव्हा दोन्ही बटनं चालू होती. तिने ती झटकन बंद केली, पण खोलीत रजत जमिनीवर पडला होता आणि त्याचे उघडे डोळे कुठेच पाहत नव्हते.

शेजारच्यांनी गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी मान हलवली. घरी प्रेत आल्यावर मधुकररावांनी भिंतीला धरून एकच विचारलं, "बटन कोणं लावलं?"

उन्नतीने सासूकडे पाहिलं. शोभाताईंचे ओठ पांढरे पडले होते, त्या अशा पाहत होत्या की पुढच्या क्षणी त्यांचा श्वास थांबेल. एकुलता एक मुलगा गेला, आणि तो आपल्याच हातून… ही बाई हे पेलू शकणार नाही, आज या घरातून दोन प्रेतं निघतील, असं उन्नतीला वाटलं. तिचं स्वतःचं तर सगळं जळून गेलंच होतं.

"मी," ती म्हणाली.

तिला वाटलं होतं, हे एका दिवसापुरतं आहे. आईंच्या दुःखाची धग थोडी निवली की त्या स्वतःच सांगतील. पण तेरावं आलं, घर बायकांनी भरलं, आणि कुणीतरी विचारल्यावर शोभाताई पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "सुनेच्या हातून झालं वं… काय करता." बाजूला ताटं मांडणाऱ्या उन्नतीने ते ऐकलं आणि त्या क्षणी तिच्या आत काहीतरी कायमचं विझलं. माहेरची माणसं न्यायला आली तेव्हा मधुकरराव म्हणाले, "जायचं तर जाय. पोरगी राहीन इथंच." उन्नती गेली नाही.

रितिका आजीआजोबांच्या खोलीत झोपू लागली. तिसरी-चौथीत असताना एक दिवस शाळेतून येऊन तिने विचारलं, "पप्पा गेले तेव्हा बटन तू लावलं होतं का?" दारात शोभाताई उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतली ती भीक… उन्नती लेकीच्या वेणीकडे पाहत म्हणाली, "हो." त्या दिवसापासून रितिकाने तिला आई म्हणणं सोडलं. काही हवं असलं की "ऐक ना" म्हणायची.

आज तीच लेक खोलीत उभी राहून बापाची लाल गिटार गळ्यात घालत होती. मागची फळी लागलेला, धड दिसणारा एक अ‍ॅम्प्लिफायर तिने पुढे ओढला, जुनीच वायर झटकून हॉलच्या बोर्डापर्यंत नेली आणि प्लग लावला.

उन्नतीला राहवेना. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली. "रितू, एवढे वर्ष बंद होता तो. एकदम नको लावू. आधी कोणाले दाखवू."

रितिका वळली. "तू नको सांगू मले बटनाबद्दल."

उन्नती मागे सरली. मधुकररावांनी तोंडासमोरचा पेपर खाली घेतला नाही.

रितिका आत गेली, गिटारची वायर त्यात खुपसली आणि खोलीतूनच तिने हाक मारली. "आजी, बटन लाव ना गं. तुह्या बाजूलेच आहे."

शोभाताई बोर्डाजवळच उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला. बोटं बटनापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

"आजी, लाव ना. मी तयार आहे."

त्या हलल्या नाहीत. मग त्या भिंतीला घासत खाली बसल्या.

"नाही लावत मी," त्या पुटपुटल्या. "तेव्हा मीच लावलं होतं… मले टीव्ही लावायचा होता. रजत आत होता. मीच लावलं."

पेपर खाली आला. रितिका गिटार गळ्यात तशीच ठेवून दारात आली.

"काय म्हटलं तू?" मधुकररावांनी विचारलं.

शोभाताईंनी सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही. सांगण्यासारखं होतंच किती. मधुकरराव इतक्या वर्षांत पहिल्यांदा सुनेकडे वळले. "खरं आहे हे?"

अजूनही नाही म्हणता येईल, असं उन्नतीला क्षणभर वाटलं. आईंना भ्रम झाला म्हणता येईल. पण शब्दच उठेना… तिच्या जवळचं खोटं संपून गेलं होतं. तिने मान खाली घातली.

"मग मले खोटं काहून सांगतलं?" रितिकाच्या आवाजात माया नव्हती. "मी तुले विचारलं होतं ना. मी लहान होती. मी तुह्या हातचं जेवताना रोज तोच विचार करत होती… तुले बरं वाटत होतं का ते?"

"तुह्या आजीले…"

"आजीले वाचवलं. अन् मले?"

रितिकाने गिटार पलंगावर ठेवली, चपला घातल्या आणि सायकल घेऊन ती मैत्रिणीकडे राहायला निघून गेली. जिच्या एका शब्दासाठी उन्नतीने एवढी वर्षं जीव धरून ठेवला होता, तिने वळूनही पाहिलं नाही.

सत्य बाहेर आलं की घर मोकळं होईल, अशी एक वेडी आशा उन्नतीने मनाच्या तळाशी जपली होती. झालं ते निराळंच. दुसऱ्या दिवसापासून मधुकरराव तिला "सूनबाई" म्हणू लागले आणि बायकोशी बोलायचे बंद झाले. "तिले म्हण," ते आता उन्नतीला सांगत, "माह्या ताटाला हात नको लावू." घरातली ती जागा रिकामी झाली नव्हती, फक्त तिथलं माणूस बदललं होतं.

शोभाताईंनी अंथरूण धरलं. दवाखान्यात तपासण्या झाल्या, गोळ्या आल्या, पण त्यांनी अन्नच सोडत आणलं होतं. उन्नती पेज घेऊन उशाशी बसे, चमचा ओठांना लावी, केसांना तेल लावून देई. एका दुपारी शोभाताईंनी तिचा हात धरला.

"तेव्हाच सांगून दिलं असतं वं तू," त्या म्हणाल्या. "यांनी मले मारलं असतं, घराबाहेर काढलं असतं, पण मी रडली तरी असती माह्या पोरासाठी. तू माह्यावर पांघरूण घातलं अन् मी त्याच्याखाली गुदमरून गेली. तुह्याकडे पाहायची हिंमत नव्हती, म्हणून तुलेच बोल लावला सगळ्यांसमोर. मले माफ नको करू."

आपण त्याग केला असं उन्नतीला वाटत आलं होतं. त्याच्याच बळावर ती तगली होती. आणि आता तिच्यासमोर स्पष्ट दिसत होतं की त्या एका शब्दानं सासूकडून तिचं दुःख हिरावलं, लेकीकडून आई हिरावली आणि सासऱ्यांच्या उरात भलत्याच माणसाबद्दल विष भरलं. कोणाचंही काही वाचलं नव्हतं.

"मलेही नका माफ करू, आई," ती म्हणाली, आणि सासूच्या बाजूला, त्याच पलंगावर आडवी झाली. दोघी पहिल्यांदाच रजतसाठी एकत्र रडल्या.

संध्याकाळी तिने मधुकररावांना विनवलं. "बाबा, एक वेळ आत जा. त्या वाट पाहून राहिल्या."

"एवढे वर्ष तू सोसून राहिली होती अन् ती समोर बसून जेवत होती. कोणत्या तोंडानं जाऊ?"

"मी सोसलं ना. मीच सांगून राहिली, जा."

ते उठले नाहीत. ते उठले त्या सकाळी, जेव्हा उन्नतीने आतून हाक मारली. मधुकरराव पलंगापर्यंत गेले, बायकोच्या कपाळावर हात ठेवला, आणि तो कपाळाचा गारवा बोटांना कळल्यावर तसेच उभे राहिले. "शोभा," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले. उन्नतीने त्यांना धरून खुर्चीत बसवलं.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. गॅदरिंग केव्हाच होऊन गेलं होतं. रितिका परत घरी राहू लागली होती, पण शब्द मोजकेच. एका दुपारी ती खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. उन्नती आत गिटारी पुसत होती.

"पप्पा काय वाजवत होते?"

उन्नतीने विचार केला. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात रजतने तिला एक छोटी धून शिकवली होती, त्याचीच, नाव नसलेली. तिने लाल गिटार मांडीवर घेतली. अ‍ॅम्प्लिफायरकडे दोघींपैकी कुणीच पाहिलं नाही. विजेशिवाय त्या भरीव लाकडाच्या गिटारला आवाज तो कितीसा… तारांची नुसती कुजबुज. उन्नतीची बोटं चुकत होती, थांबत होती, पुन्हा सुरू होत होती. रितिकाला दारातून नीट ऐकू येईना. ती आत आली, जमिनीवर बसली, मग थोडी पुढे सरकली, आणि शेवटी आईच्या गुडघ्याला टेकून तिने कान गिटारच्या लाकडाला लावला. ती काही बोलली नाही. उन्नतीने वाजवणं थांबवलं नाही.

हॉलमधून मधुकररावांचा आवाज आला. "वाजवून राहिले का तुम्ही?"

"हो, बाबा."

"मले काहीच ऐकू नाही येऊन राहिलं."

खुर्ची ओढत आणल्याचा आवाज झाला. ते दाराशी येऊन बसले, काठीवर दोन्ही हात ठेवून, मान पुढे काढून. उंबऱ्याच्या आत यायला त्यांचा पाय उचलेना. पोराची धून त्यांच्यापासून चार हातांवर वाजत होती, आणि ते नुसते सुनेच्या हलणाऱ्या बोटांकडे पाहत बसले.