डून दरीतलं बाक

आमच्या काचघरातल्या एका तावदानावर गोणपाट का टांगलंय, असं तुम्ही विचारलंत. सांगतो. पण माझ्या डोळ्यांवर माझाच फारसा भरवसा नाही, हे ध्यानात ठेवा.

युद्धाच्या काळात काच मिळेना, तेव्हा शेजारच्या स्किलिकॉर्नने रॅम्झीतल्या एका बंद पडलेल्या फोटोवाल्याच्या जुन्या निगेटिव्ह काचा उचलून आणल्या आणि आमच्या टोमॅटोंवर छप्पर घातलं. त्यांवर राणी व्हिक्टोरियाच्या वेळची चित्रं होती. डग्लसचा किनारा, पोर्ट एरिनच्या होड्या, आमच्या बेटावरच्या दऱ्या. सगळं उलटं. आकाश काळं, चेहरे काळे, काळे कोट मात्र कोरे. उन्हाने ती विटत चालली होती. टोमॅटोंची काही तक्रार नव्हती.

माझ्या बायकोला, ब्रीशाला, अर्धांगाचा झटका आल्यापासून तिची खुर्ची तिथेच असे. डॉक्टर म्हणाले होते, ऊन घेऊ द्या, पण चालवत राहा, नाहीतर हातची जाईल. ती चालायची नाही. दुपारभर दगडासारखी बसून असायची. तिच्या डोक्याशी डून दरीची काच होती. धबधबा, पायवाट, एक रिकामं बाक. त्या काळी फोटो निघायला इतका वेळ लागे की चालता माणूस काचेवर उमटतच नसे, स्थिर बसेल तोच उरे, हे मीच तिला समजावलं होतं. शिकवायची खोड, दुसरं काय.

सप्टेंबरात एका दुपारी मी काचांवरचं शेवाळ पुसायला आत गेलो. समुद्रावरून धुकं चढत होतं.

"मॅनॅननने पांघरूण ओढलं बघ," ब्रीशा पुटपुटली. मॅनॅनन म्हणजे आमच्या बेटाचा समुद्रदेव, आणि धुकं हे त्याचं पांघरूण.

ओल्या नेच्याचा वास आला. आमच्या बागेत नेचा नाही. मी काच पुसली आणि बाकावर कुणीतरी बसलेलं दिसलं. केस काळे, शाल कोरी. म्हणजे खरे केस पांढरे आणि शाल काळी. ब्रीशाची शाल काळी आहे.

मोतीबिंदूच असेल, म्हणून मी स्किलिकॉर्नला हाक मारली.

"आधी चष्मा पुसा, प्रोफेसर. तावदान नंतर!" असं म्हणत तो वाकला. मग बराच वेळ सरळ झाला नाही.

"विटलेलं चित्र पुन्हा उमटतं का हो?" त्याने हळूच विचारलं.

"नाही."

"मग... फोडू?"

"नको! ती आत असेल तर?"

"आत कुठल्या? समोर बसल्यात की बाईसाहेब." तो हसला, पण टोपी काढून त्याने हातात घेतली होती.

मी ब्रीशाचा हात धरला. गार, ओलसर.

"ऊठ, ब्रीशा. चल."

"बसू दे रे... पाण्याचा आवाज किती छान येतोय."

"इथे पाणी नाही."

"इतका शिकलास, पण ऐकू काही येत नाही तुला."

आम्ही दोघांनी तिला उभं केलं. "मी काय बाजाराला काढलेली गाय आहे?" ती ओरडली. मला बरं वाटलं. त्यानंतर रोज तिला चालवलं, रडली तरी चालवलं. बाकावरची आकृती पुसट होत गेली, आणि एके दिवशी बाक रिकामं झालं. तेव्हा मी गोणपाट टांगलं. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली.

आता ती एकटीच चालते. जेवण झालं की काचघरात फेऱ्या मारायला जाते. पाऊस नसला तरी बूट घोट्यापर्यंत भिजलेले असतात. मी गोणपाट उचलून पाहतो. बाक रिकामं. पूर्वी त्याने हायसं वाटायचं. पण चालता माणूस काचेवर उमटत नाही... मग मी बघतो तरी काय?

काल स्वयंपाकघरात बूट काढता काढता ती म्हणाली, "धबधब्यावरचा लाकडी पूल कुजलाय, ऑरी. उद्या खालच्या वाटेने जाणार. तिथून समुद्र अगदी जवळ आहे म्हणतात."

"कोण म्हणतात?"

ती माझ्याकडे जरा कीव आल्यासारखी पाहत राहिली. मग तिने बूट दाराशी ठेवले, टोकं बाहेर करून.