मागे नाव ज्याचं

मी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून मापं येतात, मी प्लॅस्टरचे साचे ओतते, मेणात दात बसवते, घासूनपुसून पाठवून देते. सव्वीस वर्षं झाली. शेजारच्या खऱ्या दाताशी रंग जुळवताना माझी नजर कधी चुकलेली नाही, म्हणून हे आधीच सांगते: मला भास होत नाहीत. डोळे शाबूत आहेत, कानही.

कामातून जे उरतं त्यातून मी चित्रकार्डं करते. खेळायच्या पत्त्याएवढं जाड कागदाचं कार्ड आणि त्यावर समुद्र. शिंपले प्लॅस्टरचे, पोवळं हिरड्यांच्या गुलाबी रंगाचं. असली कार्डं करणारे आम्ही अकरा जण वर्षातून एकदा, हंगाम सरून भाव उतरले की, समुद्रकाठच्या एका लॉजवर तीन दिवस जाऊन राहतो. दिवसा कार्ड करायचं, संध्याकाळी अदलाबदल. विकायचं नाही. जेवणघरातल्या लांब टेबलावर सगळी कार्डं चित्र वर करून मांडायची. आमच्यातल्या ग्रंथपाल बाईंनी पेल्यावर चमचा वाजवला की चिठ्ठीच्या क्रमाने एकेकाने एक उचलायचं आणि मागचं नाव मोठ्याने वाचायचं. नाव शाईनेच हवं आणि एकदा घातलं की खोडायचं नाही. मागे नाव ज्याचं, समुद्र त्याचा, असं आमच्यात म्हणतात. सगळ्यात आधी उचललेलं कार्ड मंडळाच्या वहीत पहिल्या पानावर लागतं. नऊ वर्षं ते पान माझं होतं.

मग माझ्या धाकट्या जावेला हा नाद लागला. लागला म्हणजे मीच लावला. कागद ताणायला मी शिकवलं, रंग पातळ करायला मी शिकवलं. गुरूची विद्या गुरूलाच, दुसरं काय.

तिच्या कार्डात काही नसतं. खरंच काही नसतं. खाली वाळूची पट्टी, वर राखाडी पाणी, बस. शिंपला नाही, होडी नाही, एक पक्षीसुद्धा नाही. तरी दोन वर्षं तिचंच कार्ड पहिलं जातं, आणि उचलणारा ते कानाशी धरतो. म्हणे गाज ऐकू येते. मी तिची कार्डं दहादा कानाशी धरली असतील. कागदाचा काय आवाज येणार? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, माझा जळफळाट होत होता. आणि त्याहून वाईट म्हणजे वाटायचं, सगळे मिळून माझी थट्टा तर करत नाहीत ना.

यंदा आम्हा दोघी जावांना एकच खोली मिळाली. दोन लोखंडी पलंग, मध्ये डुगडुगणारं स्टूल, समुद्राकडे खिडकी. पहिल्या संध्याकाळी पहिली चिठ्ठी निघाली घड्याळजींची, म्हणजे आमच्यातल्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांची. त्यांनी टेबलाभोवती फेरीसुद्धा मारली नाही, सरळ तिचं कार्ड उचललं. माझी चिठ्ठी शेवटची निघाली, आणि टेबलावर राहिलेलं कार्डही माझंच. माझं मलाच उचलावं लागलं आणि वर माझंच नाव मोठ्याने वाचावं लागलं.

"पोवळं छान जमलंय हो," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. असलं कौतुक वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

सकाळी पाहिलं तर धाकटी आधीच उठून बसली होती. डोळे खोल गेलेले.

"झोप नाही लागली?" मी विचारलं.

"आवाज असतो ना, ताई."

"मग खिडकी लावायची."

"खिडकीतून नाही येत तो."

झालं, हिचं सुरू, असं मनात म्हणून मी दात घासायला गेले.

दुपारी ती आंघोळीला गेली तेव्हा तिचं त्या दिवशीचं कार्ड खिडकीच्या कट्ट्यावर वाळत होतं. तेच ते, वाळू आणि पाणी. मी उलटं करून पाहिलं. मागे कोरं. मला तिची ती सवय ठाऊक होती; नाव घालायचं ती चमचा वाजेपर्यंत लांबणीवर टाकायची. मी माझं पेन काढलं आणि माझं नाव, कार्डाचा क्रमांक, तारीख, सगळं व्यवस्थित लिहिलं. हात जरासुद्धा थरथरला नाही. थरथरणारा हात आमच्या धंद्यात चालत नाही. कागद बोटाला कोरडा लागत होता, तरी शाई थोडी फुटली. कार्ड मी पर्समध्ये टाकलं आणि खोलीबाहेर पडले.

संध्याकाळी टेबलावर दहाच कार्डं होती.

"माझं आज झालंच नाही," धाकटी म्हणाली. तिने टेबलाकडे पाहिलं, ते कार्ड तिला दिसलं, दिसलंच असणार, आणि ती खुर्चीत जाऊन बसली. आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यासाठी मी उत्तरंही जुळवून ठेवली होती.

पहिल्या चिठ्ठीवाल्याने तेच उचललं आणि माझं नाव वाचलं. दोन वर्षांनी ते नाव सगळ्यात आधी वाचलं गेलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. कार्ड या कानावरून त्या कानावर फिरलं. घड्याळजींनी मात्र ते पटकन खाली ठेवलं.

"आज जरा जवळून येतोय," ते म्हणाले.

शेवटी कार्ड माझ्या हातात आलं. मी कानाशी धरलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"हो ना," मी म्हटलं. मला काही ऐकू आलं नव्हतं.

जेवणाआधी धाकटीने मला व्हरांड्यात गाठलं. चुकून झालं, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तर तिने माझे दोन्ही हात धरले.

"ताई, मी आज दुपारी झोपले. गाढ. दोन वर्षांत पहिल्यांदा."

"बरं झालं की."

"मी आपणहून कुणाला दिलं नसतं हो. शपथ घेते. तुम्ही घेतलंत."

मला तो टोमणा वाटला. पण ती रडत होती.

"नाव खोडता येत नाही ना?" तिने विचारलं.

"नाही."

"हं," ती म्हणाली, आणि माझे हात सोडून आपले तळवे पँटला पुसले.

आमचं घर समुद्रापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. परत आले तेव्हा नवरा फिरतीवर होता, आणि कामाचा ढीग साचलेला. सोमवारी पाहिलं, तर सगळ्यात खालच्या फळीवरचे साचे मऊ पडले होते. महिन्यापूर्वी वाळलेलं प्लॅस्टर बोटाने दाबलं की खचत होतं. ओल असेल म्हणून नळवाल्याला बोलावलं. त्याने भिंत ठोकून पाहिली, फरशी पाहिली.

"ताई, खडखडीत कोरडं आहे," तो म्हणाला. पण पैसे घेताना तो दाराबाहेरच उभा राहिला.

पुढच्या सोमवारी दुसरी फळी गेली. मी प्लॅस्टरचं पोतं बदललं, दुकानदार बदलला.

डॉक्टरांचा फोन आला. "अहो, पेशंटची तक्रार आहे, कवळी खारट लागते." मग जरा थांबून, "तुम्ही अजून समुद्रावरच आहात का? नीट ऐकू येत नाहीये."

मी म्हटलं, मी घरी आहे.

तिसरी फळी माझ्या कंबरेला लागते. ती काल गेली.

आज धाकटी आली. बरी दिसत होती. गालांवर रंग आलेला, अंग भरलेलं. दार उघडंच होतं. मी टेबलाशी, माझ्या ठेंगण्या स्टुलावर, हातात मेण.

"ये ना," मी म्हटलं.

ती उंबऱ्यावर थांबली. वाकून तिने पँटचे पाय दुमडले, गुडघ्यापर्यंत. मग खोलीकडे पाहिलं आणि दुमडलेले पाय परत सोडून दिले.

हातातली पिशवी तिने डोक्यावर धरली आणि आत आली. हळूहळू, एकेक पाऊल रेटत. फरशी कोरडी होती. मी डोळ्यांनी पाहिली, हाताने पाहिली.

"तुला ऐकू येतंय?" मी विचारलं.

तिने मान डोलावली. आणि त्या क्षणीही मला तिचा हेवा वाटला.

ती माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हती. माझ्या हनुवटीच्या जरा खाली बघत होती.

"ताई," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "तुम्ही बसू नका. उभ्या राहा."